बाराशे लिटर तोबालाची मागणी: एका पालेंकेचं प्रकरण

मेस्काल ही मेक्सिकोत अगेव्हपासून, म्हणजे घायपाताच्या कुळातल्या झाडांपासून, गाळली जाणारी दारू. तोबाला ही त्यातली एक रानटी जात. एका आयातदाराने एका छोट्या पालेंकेकडे, म्हणजे मेस्कालच्या भट्टीकडे, तोबालाची मोठी मागणी नोंदवायची ठरवली, त्याची ही हकिगत. या प्रकरणातलं गाव, कुटुंब आणि आयातदार यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. व्यवहारातले आकडे थोडे पुढे-मागे करून गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खरं ठेवलं आहे. मी त्या काळात आयातदाराकडे खरेदी आणि पुरवठ्याचं काम पाहत होते. त्यामुळे चर्चेच्या दोन्ही बाजू जवळून ऐकायला मिळाल्या.

पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात, दक्षिणेकडच्या डोंगरांमध्ये हे सापोतेक या मूलनिवासी समाजाच्या वस्तीचं गाव आहे. वाहाकात ५७० मुनिसिपियो, म्हणजे स्थानिक कारभाराचे विभाग, आहेत आणि त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी कारभार राजकीय पक्ष चालवत नाहीत. परंपरेने ग्रामसभा बसते आणि तीच पदाधिकारी निवडते. या गावातही तसंच आहे. वरचा डोंगर सामायिक मालकीचा आहे, कुणा एकाच्या नावावर नाही. पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली.

कुटुंबाची मेस्काल गाळण्याची छोटी भट्टी आहे. वाहाकात तिला पालेंके म्हणतात. वडील माएस्त्रो, म्हणजे गाळपाचे जाणकार. मुलगी हिशेब, कागदपत्रं आणि फोन सांभाळते. मुलगा अमेरिकेत कामाला आहे. जमिनीत खोदलेला शंकूच्या आकाराचा खड्डा हीच त्यांची भट्टीची चूल. ओकची लाकडं पेटवून दगड लालबुंद करायचे, त्यावर अगेव्हचे गड्डे रचायचे, वर चोथा, चटया आणि माती टाकून खड्डा बंद करायचा आणि चार-पाच दिवस तसाच ठेवायचा. शिजलेले गड्डे घोडा जुंपलेल्या दगडी चाकाखाली चिरडले जातात. लाकडी पिंपांत हवेतल्याच यीस्टवर आंबवण होतं आणि मग तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळप. धारेचा कस पाहायला माएस्त्रो वेळूच्या नळीने दारू ओढून भोपळ्याच्या वाटीत सोडतात आणि वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघतात. तपासणीसाठी अल्कोहोलमीटरही आहे, पण ते आधी वाटीत बघतात, मग मीटर बुडवतात.

वर्षाचं मुख्य उत्पादन एस्पादिनचं, साधारण साडेतीन हजार लिटर. एस्पादिन ही लागवडीची जात. केळीसारखे मुनवे काढून लावता येते आणि सहा ते आठ वर्षांत तयार होते. त्याशिवाय दर वर्षी सुमारे तीनशे लिटर तोबाला. सगळं प्रकरण या तीनशे लिटरांभोवती फिरतं.

तोबाला, शास्त्रीय नाव अगेव्ह पोटाटोरम, ही डोंगरातली छोटी जात. ओकच्या सावलीत, खडकांच्या फटीत वाढते. तयार व्हायला दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त. गड्डा जेमतेम आठ-दहा किलोचा. एस्पादिनचे साधारण दहा किलो गड्डे एका लिटरला पुरतात, तिथे तोबालाचे अठरा किलो लागतात. आणि सगळ्यात अवघड बाब म्हणजे तोबालाला मुनवे येत नाहीत. ती फक्त बियांपासून वाढते. अगेव्ह आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. दारूसाठी मात्र फुलाचा दांडा वर यायच्या वेळीच तो छाटावा लागतो, कारण त्यानंतरच साखर गड्ड्यात साठते. म्हणजे तोडलेलं प्रत्येक तोबाला बी न टाकताच संपतं.

आपल्याकडच्या वाचकांना फेणीच्या उदाहरणाने हे लगेच कळेल. काजूचं झाड दर उन्हाळ्यात बोंडू देतं, झाड जागेवरच राहतं. इथे एका बाटलीसाठी अख्खी झाडं जातात, आणि ती परत यायला एक तप लागतं.

मागणी

आयातदाराने दोन वर्षं या कुटुंबाकडून तोबाला घेतलं होतं. बाटलीवर गावाचं, माएस्त्रोचं, जातीचं आणि घाण्याचं, म्हणजे एका वेळच्या गाळपाचं, नाव छापलेलं. अमेरिकेतल्या बारमध्ये तो माल येताक्षणी संपत होता. एकूण बाजारही तेव्हा चढत होता. २०११ मध्ये प्रमाणित मेस्कालचं उत्पादन दहा लाख लिटरच्या आसपास होतं, ते २०२२ मध्ये एक कोटी चाळीस लाखांच्या घरात गेलं. या चढत्या काळात विक्री विभागाने प्रस्ताव तयार केला: तीन वर्षांचा करार, वर्षाला बाराशे लिटर तोबाला, चाळीस टक्के उचल आधी. माल कमी पडला तर उचल व्याजासह परत.

कुटुंबासाठी ही रक्कम मोठी होती. दुसरा खड्डा, पालेंकेवर पक्कं छप्पर आणि प्रमाणपत्राचा सगळा खर्च तिच्यातून निघाला असता. माएस्त्रोंनी लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. मुलीने मात्र एक कागद घेतला आणि गुणाकार मांडला. बाराशे लिटर म्हणजे साडेएकवीस टन गड्डे. एक गड्डा सरासरी नऊ किलोचा धरला तर वर्षाला चोवीसशे झाडं. आजवर ते सहाशेच तोडत होते.

त्या कागदाने चर्चेचा सूरच बदलला. तोवर आमच्या बाजूने सगळं बोलणं लिटर, दर आणि तारखांमध्ये चाललं होतं. झाडं किती, हा प्रश्न प्रस्तावात कुठेच नव्हता. खरेदीच्या नेहमीच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नसतो.

डोंगरावरची मोजणी

मोजणीची कल्पना मुलीची. ग्रामसभेच्या जमीन-समितीने ती उचलून धरली. पाच-सहा जणांची टोळी डोंगराच्या एकेका सोंडेवरून फिरली. प्रत्येक झाडाला तीनपैकी एका गटात टाकायचं ठरलं: तळहाताएवढं, मधलं आणि तयार. तयार झाड ओळखायची खूण पक्की असते. मधली पानं आखूड आणि बारीक होत जातात, गाभा फुगतो, आणि झाड दांडा टाकायच्या बेतात आहे हे जाणत्याला लांबूनही दिसतं.

मोजणीत सुमारे चौतीसशे झाडं भरली. त्यांतली हजारेक दोन हंगामांत तयार होण्याजोगी होती. वर्षाला चोवीसशे या मागणीचा निकाल तिथेच लागला.

पण जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच निघाली. मधल्या गटातली झाडं सगळ्यात कमी होती. निरोगी रानात लहान झाडं सगळ्यात जास्त, मधली त्याहून कमी, मोठी त्याहून कमी असायला हवीत. इथे मध्ये खड्डा पडला होता. म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीपासून बी पुरेसं पडलेलंच नाही. वाटेच्या कडेची झाडं जवळपास संपली होती, उरली होती ती कड्यावरची, जिथे दोर लावूनच जावं लागतं. लहान रोपं होती तीही अशाच अवघड जागी, वर कुणी न तोडलेलं एखादं झाड फुलून गेलं असेल त्याच्या खालच्या उतारावर.

थोडक्यात, नवी मागणी बाजूला ठेवली तरी चालू असलेली सहाशे झाडांची तोडही डोंगराला झेपत नव्हती. ही बाब माएस्त्रोंना मनातून ठाऊक असावी, कारण आकडे वाचून दाखवले तेव्हा त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि सभेसमोर आकडा ठेवणं वेगळं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दलालाचा. गावोगाव ट्रक घेऊन फिरणारे दलाल असतात, त्यांना तिथे कोयोते म्हणतात. एकाने हवे तेवढे तोबाला गड्डे पालेंकेपर्यंत पोचवायची तयारी दाखवली. कुठल्या डोंगरावरचे, कुणाच्या परवानगीने, याचा कागद नाही. त्याने नमुन्याला आणलेले गड्डे माएस्त्रोंनी कोयत्याने चिरून पाहिले. निम्मे कोवळे निघाले, आत पांढरे आणि पाणचट. कोवळ्या गड्ड्याला साखर कमी, म्हणजे लिटरमागे आणखी झाडं. शिवाय बाटलीवर या गावाचं नाव छापायचं आणि आत दुसऱ्याच डोंगराचा माल भरायचा, हे मुलीला मान्य नव्हतं. आमच्या विक्री विभागातल्या काहींना मात्र हा पर्याय चालण्यासारखा वाटत होता. जात तीच आहे, गाळणारा हात तोच आहे, हा त्यांचा मुद्दा. तो वरवर पटतो, पण ग्राहक जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजतो तेच त्यातून निघून जातं.

दुसरा पर्याय सरळ नकाराचा. तीनशे लिटर चालू ठेवायचे, बाकी विसरायचं. मोजणीनंतर हाही उरला नाही.

तिसरा, सगळं तोबाला लागवडीचं करायचं. रोपवाटिका करता येते, वाहाकात अनेकांनी केलीही आहे. पण आज पेरलेलं बी दहा वर्षांनी खड्ड्यात जाणार, आणि तोवर घर कशावर चालवायचं हा प्रश्न राहतोच.

चौथा, मिश्र घाण्याचा, ज्याला तिथे एन्साम्बले म्हणतात. एस्पादिनसोबत शेताच्या बांधावर कुंपणासारखं लावलेलं कुइशे शिजवायचं. कुइशे म्हणजे अगेव्ह कार्विन्स्की, खांबासारखं उभं वाढणारं. त्याला मुनवे येतात, म्हणून तोड केली तरी पुन्हा लावता येतं. उतारा कमी, चोथा जास्त, पण चव वेगळी आणि डोंगरावर ताण नाही.

ग्रामसभेत

प्रश्न सभेपुढे न्यायचा की नाही यावर कुटुंबातच दोन मतं होती. आजवर तोबाला आणायला कुणी कुणाला विचारत नव्हतं. सभेत नेलं तर उद्या बंदीही येऊ शकली असती, आणि घाटा सगळ्यात आधी यांनाच बसला असता. तरी मुलीने आग्रह धरला. डोंगर सामायिक असताना एका घराने आयातदाराशी करार करून टाकला असता, तर गावातली उरलेली पालेंकेही धावली असती आणि वर्षभरात तिथे काही उरलं नसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात धाडसी निर्णय होता.

सभा लांबली. तरुणांचं म्हणणं होतं, आपण नाही तोडलं तर शेजारचं गाव तोडेल. वयस्कर मंडळींनी आठवण काढली की पूर्वी लग्नकार्यापुरतंच तोबाला गाळलं जायचं. एका बाईंनी विचारलं की फुलं नसतील तर वटवाघळं कशावर येतील. प्रश्न अगदी नेमका होता. अगेव्हची फुलं रात्री उमलतात आणि लांब नाकाची वटवाघळं त्यांचं परागण करतात. दिवसा मधमाश्या आणि हमिंगबर्डही येतात, पण लांबवर पराग नेण्याचं काम वटवाघळांचं. परिसंस्थाशास्त्रज्ञ रोद्रिगो मेदेयिन यांच्या पुढाकाराने मेक्सिकोत ‘बॅट फ्रेंडली’ नावाचा उपक्रम चालतो, त्यात हेक्टरमागे पाच टक्के झाडं फुलू द्यावी लागतात. सभेने त्याहून कडक नियम घातला: दर दहा तयार झाडांमागे एक राखायचं. दोन हंगामांची हजार झाडं, म्हणजे वर्षाला पाचशे. त्यांतली एक दशांश वगळून कमाल साडेचारशे. ही मर्यादा अख्ख्या गावाची. तोड फक्त गावकऱ्यांनी करायची, दर वर्षी पुन्हा मोजायचं आणि मोजणीप्रमाणे मर्यादा बदलायची. साडेचारशेपैकी जवळपास सगळा वाटा या कुटुंबाला मिळाला, कारण मोजणीचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि बाकीची पालेंके मुख्यतः एस्पादिनवरच चालतात. रोपवाटिकेचं काम तेकियोवर, म्हणजे बिनपगारी सामूहिक श्रमावर करायचं ठरलं.

करार पुन्हा लिहिला

आता आमची पाळी होती. सव्वादोनशे लिटरांसाठी तीन वर्षांचा करार करायचा का, हा प्रश्न हिशेब विभागाला पडला. बारा वर्षांनी फळ देणाऱ्या रोपवाटिकेवर आज पैसे घालायचे, आणि ती आपल्या मालकीचीही नाही. आयातदाराने सुरुवातीला अट घातली की रोपं आमच्या पैशाने लागली तर त्यांचा माल आम्हालाच मिळावा. सभेने ती साफ नाकारली. बारा वर्षं गावाचे हात बांधून घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तडजोड झाली ती अशी: दर दीडपट. माल ‘ठरलेले लिटर’ नाही, तर सभेने परवानगी दिलेल्या झाडांमधून जेवढा निघेल तेवढा. कमी निघाला तर दंड नाही. प्रत्येक बाटलीमागे ठरावीक रक्कम रोपवाटिकेला, ती परत मागायची नाही. बदल्यात तीन वर्षं पहिली विचारणा आमच्याकडे. शिवाय मिश्र घाण्याची हमी-खरेदी, ज्यामुळे कुटुंबाला रोख हाती येत राहील. गणित जुळत होतं: सव्वादोनशे लिटरांचे दीडपट दराने पूर्वीच्या तीनशेपेक्षा थोडे जास्तच पैसे होत होते.

प्रमाणपत्राचा निर्णयही याच वेळी घ्यावा लागला. मेस्कालला १९९४ मध्ये उगमस्थान-संरक्षण मिळालं, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव. नियम पाळून, तपासणी करून घेतली तरच बाटलीवर ‘मेस्काल’ लिहिता येतं. नाहीतर ‘अगेव्हची ऊर्ध्वपातित दारू’ एवढंच. तपासणीचा खर्च मोठ्या घाण्याला परवडतो, दीडशे-दोनशे लिटरच्या घाण्याला जाचतो. एस्पादिन आणि मिश्र घाणा प्रमाणित ठेवायचा आणि तोबाला विनाप्रमाणपत्र विकायचं असं ठरलं. विक्री विभागाला भीती होती की ‘मेस्काल’ हा शब्द नसेल तर बाटली पडून राहील. तसं झालं नाही. तोबाला घेणारा ग्राहक आधी गाव आणि गाळणाऱ्याचं नाव वाचतो.

पुढे काय झालं

रोपवाटिकेचं पहिलं वर्ष कठीण गेलं. राखलेल्या झाडांची बोंडं वाळल्यावर बी गोळा केलं. बोंडात काळ्या आणि फिकट अशा दोन तऱ्हेच्या चकत्या असतात, त्यांतल्या काळ्याच रुजतात. उगवण चांगली झाली. रोपं पावसाच्या सुरुवातीला डोंगरावर लावली, पण मोकळ्या उतारावरची बरीचशी पहिल्याच कोरड्या हंगामात करपली. झुडपांच्या आडोशाला आणि ओकखाली लावलेली टिकली. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक रोप कुठल्या तरी झुडपाच्या सावलीत लावायचं ठरलं, आणि जगण्याचं प्रमाण स्पष्ट सुधारलं.

तिसऱ्या वर्षीच्या मोजणीनंतर मर्यादा साडेचारशेवरून तीनशे ऐंशीवर आली. मधल्या गटातला खड्डा आता तयार झाडांपर्यंत पोचू लागला होता. कुटुंबाने कुरकुर केली नाही, पण आमच्याकडे दर पुन्हा वाढवून मागितला आणि तो मिळाला. मिश्र घाणा पहिल्या वर्षी रेंगाळला, दुसऱ्या वर्षी बारवाल्यांनी तो कॉकटेलऐवजी नुसता प्यायला द्यायला सुरुवात केली आणि मग खपू लागला. छप्पर झालं. दुसरा खड्डा झाला नाही, आणि त्याची गरजही उरली नाही.

वाईट बातमी सीमेवरून आली. गावाने तोड आवरल्यावर दलालांनी शेजारच्या बाजूने डोंगर गाठला. दोन गावांची हद्द वरच्या सोंडेवर जुन्या वादात अडकलेली आहे. तिथली राखलेली, फुलोऱ्यावर आलेली काही झाडं रातोरात दांड्यासकट तोडली गेली. आता तिथे आळीपाळीने राखण असते, पण रात्री डोंगरावर माणसं बसवणं किती दिवस निभेल हे सांगणं अवघड आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शेजारच्या गावाला पहिल्याच मोजणीत बोलवायला हवं होतं. डोंगर एकच आहे, वटवाघळं एकच आहेत. मर्यादा एका उतारावर घातली की तोड दुसऱ्या उतारावर सरकते, हे सभेतल्या तरुणांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांचा मुद्दा तोड चालू ठेवण्याच्या बाजूने होता म्हणून तो मागे पडला, पण त्यातलं निरीक्षण बरोबर होतं.

बियांच्या बाबतीतही घाई झाली. पहिल्या हंगामात हाताशी असलेल्या मोजक्या झाडांचंच बी घेतलं गेलं. त्यातून रोपं भरपूर झाली, पण सगळी एकमेकांची भावंडं. एस्पादिन पिढ्यान्‌पिढ्या मुनव्यांवरच वाढवल्याने त्यात विविधता कमी असते, आणि गड्डा पोखरणारा भुंगा किंवा एखादा रोग शिरला तर शेतच्या शेत धोक्यात येतं. तोबालाचं मोल तर प्रत्येक झाड वेगळं असण्यात आहे. बी तीसेक वेगवेगळ्या झाडांवरून, वेगवेगळ्या उंचीवरून घेऊन, कुठलं रोप कुणाचं याची वही ठेवायला हवी होती. ती वही तिसऱ्या वर्षी सुरू झाली.

आयातदाराच्या बाजूने सांगायचं तर दुर्मिळ जातीच्या मालाची मागणी नोंदवण्याआधी लहान, मधली आणि तयार झाडं किती, हे तीन आकडे मागायला हवेत. ते नसतील तर मोजणीचा खर्च खरेदीदाराने करावा. आमच्या कंपनीत आता तो रकाना नमुन्यात आहे.

हे प्रकरण मी मराठीत लिहिते आहे त्याला एक जवळचं कारण आहे. दख्खनच्या पठारावर बांधाबांधाने दिसणारं घायपात, अगेव्ह अमेरिकाना, याच कुळातलं. वाहाकातलं आरोकेन्यो हा तर त्याचाच एक प्रकार. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात या झाडापासून दारू गाळून गोव्यात बाटलीबंद करणारा ‘डेसमंडजी’ २०११ पासून बाजारात आहे, आणि आता इतरही उतरू लागले आहेत. घायपाताला मुनवे भरपूर येतात, त्यामुळे तोबालासारखी टंचाई लगेच येणार नाही. पण बांध कुणाचा, तोडायचा हक्क कुणाचा आणि दर किलोमागे शेतकऱ्याला किती, हे प्रश्न इथेही कुणीतरी ट्रक घेऊन दारात येण्याआधी ग्रामसभेत बोलून घेतलेले बरे.

वाहाकातल्या त्या दोन गावांची पहिली संयुक्त बैठक पावसाळ्यानंतर ठरली आहे. विषय एकच आहे: वादातल्या सोंडेवर, हद्दीचा निकाल लागेपर्यंत, दोघांनीही तोड थांबवायची का.